निवाऱ्याची आवक-जावक

आमचा प्राणी निवारा बघायला आलेला माणूस फाटकातून आत शिरतानाच विचारतो, ‘‘तुमच्याकडे एकूण किती जनावरं आहेत?’’ आकडा मोठा असला की तो खूश होतो. जितकी जनावरं जास्त, तितकं संस्थेचं काम मोठं, असं त्याला वाटतं. माझी मोजणी वेगळी आहे. मी पतसंस्थेत कॅशियर होते. निवृत्तीनंतर या संस्थेची चिटणीस झाले आणि इथलं आवक-जावक रजिस्टर माझ्याकडे आलं. डाव्या पानावर आलेलं जनावर लिहायचं : तारीख, कुठून आलं, कुणी आणलं, काय झालंय. उजव्या पानावर गेलेलं : बरं होऊन आपल्या जागी परत गेलं, कुणी घरी नेलं, की दगावलं. संस्था नीट चालली आहे की नाही, ते मला उजव्या पानावरून कळतं. डावं पान भराभर भरतंय आणि उजवं कोरं राहतंय, असं दिसायला लागलं की समजावं, आता इथं साथ यायला वेळ लागणार नाही.

साताऱ्याबाहेर, ओढ्याच्या कडेला आमची जागा आहे. पत्र्याची शेड, जाळीचे पिंजरे, शस्त्रक्रियेची एक छोटी खोली, चुलीचा ओटा आणि माझं टेबल. मुख्यतः कुत्री आणि मांजरं, अधूनमधून एखादं गाढव किंवा वासरू. लोकांना अशा संस्था माहीत होतात त्या मोबाईलवरच्या फोटोंमधून. पट्टी बांधलेलं पिल्लू आणि त्याला मांडीवर घेतलेली एखादी मुलगी. तो फोटो खरा असतो. पण त्याच्या अलीकडे-पलीकडे दिवसभर जे चालतं ते कुणी दाखवत नाही, आणि ते कळल्याशिवाय आम्हाला मदत नेमकी कशाची हवी, हेही कळत नाही.

जनावरांना आसरा देण्याच्या दोन परंपरा आपल्याकडे आहेत आणि दोन्हींची मोठी उदाहरणं मुंबईत आहेत. १८३२ साली इंग्रज सरकारच्या हुकमावरून मुंबईत मोकाट कुत्री मारली जात होती, तेव्हा पारशी मंडळी संतापून रस्त्यावर उतरली आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या जनावराला मरेपर्यंत दाणा-पाणी द्यायचं, ही पहिली परंपरा. दुसरी परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाची, ज्याला मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. तिथं जनावर आणायचं, उपचार करायचे आणि परत पाठवायचं. आमच्यासारखा छोटा निवारा या दुसऱ्या घराण्यातला आहे. लोकांची अपेक्षा मात्र पहिल्याची असते. रोजची बहुतेक ओढाताण यातूनच होते.

फोन

ओढाताण फोनपासून सुरू होते. उजाडता उजाडता पहिला फोन येतो. ‘‘ताई, स्टँडच्या मागं कुत्रं पडलंय. लवकर गाडी पाठवा.’’

‘‘श्वास चालू आहे का? उभं राहायला बघतंय का?’’

‘‘मागचे पाय ओढतंय.’’

‘‘तोंडातून लाळ गळतेय का? कुणाच्या अंगावर जातंय का?’’

‘‘नाही, नुसतं विव्हळतंय.’’

‘‘बरं. फोटो आणि लोकेशन पाठवा. आणि दादा, गाडी येईपर्यंत तुम्ही तिथं थांबाल ना?’’

या शेवटच्या प्रश्नाला बरेचदा उत्तर येतं, ‘‘मी कामावर चाललोय हो.’’ पण तोच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. जखमी कुत्रं एका जागी राहत नाही. जीव मुठीत धरून ते गटारात, ट्रकखाली, झुडपात सरपटत जातं. गाडी पोचते तेव्हा तिथं रक्ताचे दोन डाग असतात आणि कुत्रं नसतं. थांबणाऱ्या माणसानं एवढंच करायचं : लांबून नजर ठेवायची, रहदारी थोडी वळवायची, जमलं तर अंगावर पोतं टाकायचं. तोंडात पाणी ओतायचं नाही. आपल्या घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही. मांजरासाठी तर ती जहरच आहे. लाळ गळत असेल, चाल बिघडली असेल, दिसेल त्याला चावत असेल, तर जवळ जायचंच नाही. ती रेबीजची लक्षणं असू शकतात.

येणाऱ्या फोनपैकी पुष्कळांना गाडीची गरज नसते. खरूज झालेल्या कुत्र्याला रोज पोळी टाकणारी बाई असेल, तर डॉक्टर तिच्याशी बोलतात, औषध तिच्याकडे देतात, ती ते पोळीत गुंडाळून चारते. कुत्रं आपल्याच ओट्याखाली बरं होतं. सगळ्यांत जास्त फोन पिलांचे. ‘‘बेवारस पिल्लं आहेत, घेऊन जा.’’ ती बेवारस नसतात, आई खायला शोधायला गेलेली असते. दोन-तीन तास लांब उभं राहून बघा, असं मी सांगते. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडलं, की त्याला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावं लागतं. दूध पाजून झालं की ओल्या कापसानं पुसून शी-शू करवावी लागते. अंगाला गरम पाण्याची बाटली टेकवून ठेवावी लागते. गाईचं दूध त्याला बाधतं. आई हे सगळं फुकट आणि आमच्यापेक्षा चांगलं करते. ती सुरक्षित जागी असेल तर तिलाच चांगलं खायला घालावं आणि पिल्लं सुटी झाली की तिची नसबंदी करून घ्यावी.

आणि कधी कधी ‘नाही’ म्हणावं लागतं. जागा नाही. इथलं हे सगळ्यांत अवघड काम आहे. ‘‘मग कशाला काढलीय संस्था?’’ हे वाक्य आमच्या प्रत्येक माणसानं ऐकलेलं आहे. पण दोघांच्या पिंजऱ्यात चौघांना कोंबलं, तर नवीन आलेला वाचेलच असं नाही, आधीचे दोघे मात्र दगावू शकतात. आमची क्षमता पिंजऱ्यांवर ठरत नाही, माणसांवर ठरते. एक माणूस एका सकाळी जितके पिंजरे नीट धुऊ शकतो, जितक्यांच्या जखमा बांधू शकतो, तितकीच आमची जागा.

‘नाही’ ऐकून काही जण रात्री फाटकाला कुत्रं बांधून जातात, नाहीतर खोक्यात पिल्लं ठेवून जातात. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. जनावर उपाशी-तहानेलं पडेल अशा स्थितीत टाकून देणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ही रक्कम जाणवत असेल. आज तिचा धाक कुणालाच नाही.

परत सोडायचं कशासाठी?

बरं झालेलं भटकं कुत्रं आम्ही त्याच्याच गल्लीत सोडतो, तेव्हा गल्लीतले काही जण भांडायला येतात. ‘‘नेलंत तर नेलंत, परत कशाला आणलंत?’’ त्याचं उत्तर नियमात आहे आणि अनुभवातही. भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे पहिले नियम २००१ साली आले, त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे आले. दोन्हींचा गाभा एकच : पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस टोचा, जिथून उचललं तिथंच सोडा. कानाला खाच दिसली की ते कुत्रं ‘झालेलं’ समजायचं. ही जबाबदारी नगरपालिका-महापालिकांची आहे आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच हे काम करता येतं. यामागचं कारण साधं आहे. कुत्रं हलवलं तरी त्या गल्लीतला उकिरडा आणि खानावळीचं खरकटं तिथंच राहतं. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारची नवी कुत्री येतात, त्यांना लस नसते, त्यांच्यातल्या माद्यांना पिल्लं होतात. कुत्रीचा गाभणकाळ साधारण दोन महिन्यांचा असतो आणि वर्षातून दोनदा ती माजावर येऊ शकते. ओळखीचं, लस टोचलेलं, पिल्लं न होणारं कुत्रं गल्लीत असलेलं माणसांच्याच हिताचं आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. अकरा दिवसांतच तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला : नसबंदी आणि लस झाली की परत सोडा, रेबीज झालेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नका. पुढं नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री उचलून निवाऱ्यांत हलवायचा आणि त्या आवारांत परत न सोडायचा आदेश आला. तेव्हापासून ‘निवाऱ्यात ठेवा’ हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. चावा बसलेल्या मुलाच्या आईची भीती मला कळते, आणि ती हलक्यात घेणाऱ्यातली मी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही म्हणावं इतका हा रोग घातक आहे, आणि जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. ते आयुष्यभर कोंडून ठेवायचं म्हणजे तितकी वर्षं रोजचं खाणं, रोजची धुलाई, रोजचा माणूस. ही व्यवस्था कुणी, कुठं, कोणत्या पैशानं उभी करायची, हे ठरल्याशिवाय ‘निवाऱ्यात ठेवा’ म्हणण्यानं काहीच होत नाही.

सकाळची धुलाई

आमच्याकडे सकाळी पहिलं काम धुलाईचं, आणि तिचा क्रम कुणी मोडायचा नाही. आधी सर्वांत लहान आणि निरोगी पिल्लं, मग धडधाकट मोठी कुत्री, मग जखमी, आणि शेवटी वेगळ्या कोपऱ्यातला नव्यानं आलेल्यांचा कक्ष. नवीन जनावर दोन आठवडे तिथंच राहतं. त्या कक्षाची बादली, खराटा, भांडी, गमबूट सगळं वेगळं, लाल रंगाच्या पट्टीचं. लाल पट्टीची बादली पिलांच्या शेडमध्ये दिसली, तर आमच्या मावशी सगळं काम थांबवतात.

हे सोवळं पाळण्याचं कारण पार्व्हो. हा विषाणू पिलांच्या आतड्यांवर हल्ला करतो. उलट्या, रक्ताची पातळ शी, तिचा एक विशिष्ट वास, आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत खेळ खलास. आजारी पिलाच्या शीतून तो जमिनीवर पडतो आणि तिथं महिनोन्‌महिने टिकतो. चपलेला चिकटून शेजारच्या शेडमध्ये जातो. लोक प्रेमानं फिनेलचे डबे आणून देतात, पण फिनेलनं पार्व्हो मरत नाही. शिवाय काळं फिनेल मांजरांना विषारी असतं. पार्व्होवर चालतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. तेही आधी शी उचलून, साबणानं घासून, पाण्यानं धुऊन घेतल्यानंतर. घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. आम्ही साध्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग असं मिश्रण ताजं करतो, फरशीवर पसरून दहा मिनिटं तसंच ठेवतो, मग धुतो आणि फरशी सुकल्यावरच जनावर आत सोडतो. ब्लीचमध्ये बाथरूमचं अॅसिड मिसळायचं नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. आमच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे आणि तुमच्या घरातही ते लक्षात असावं.

लस हा दुसरा तट. पिलाला सहाव्या आठवड्याच्या सुमारास पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. एकच डोस दिला की झालं, असा समज सर्रास आहे. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती काही आठवडे लशीला काम करू देत नाही; ती नेमकी कधी ओसरेल ते पिलागणिक बदलतं, म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. आमच्या फ्रिजमध्ये लस सोडून दुसरं काही ठेवायला बंदी आहे. वीज गेली की सगळ्यांत आधी त्या फ्रिजकडे कुणीतरी धावतं.

चूल आणि हिशेब

धुलाई होईतो चुलीवर मोठं पातेलं चढलेलं असतं. तांदळाची कणी, कोंबडीचे पाय आणि मुंडकी, भोपळा किंवा गाजर, चिमूटभर हळद. कांदा-लसूण अजिबात नाही, त्यानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेली नळीची हाडं फुटून टोकदार होतात, म्हणून तीही नाहीत. लग्नसराईत उरलेलं जेवण घेऊन टेम्पो येतो तेव्हा आम्ही हात जोडतो. मसालेभात, गुलाबजाम, तेलाचा तवंग आलेली भाजी खाऊन दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला जुलाब होतात. त्याऐवजी कणीचं एक पोतं दिलंत तर आमचे कितीतरी दिवस निघतात.

पैशाचं बोलणं मला आवडतं, कारण तेच कुणी बोलत नाही. आमच्या खर्चात पहिला क्रमांक पगारांचा, मग खाण्याचा, मग औषधांचा, मग गाडीचं डिझेल, वीज, पाणी. देणग्या मात्र उलट्या क्रमानं येतात. मोडलेल्या पायाच्या पिलाचा फोटो टाकला, की त्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे लगेच जमतात. पिंजरे धुणाऱ्या पोराच्या पगारासाठी कुणी पैसे पाठवत नाही. पण त्या पिलाची शस्त्रक्रिया तासाभराची, आणि नंतरचे सहा आठवडे त्याची पट्टी कोरडी ठेवणारा तोच पोरगा असतो. महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारी छोटी रक्कम मला वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या धनादेशापेक्षा मोलाची वाटते, ती याच कारणानं. तिच्या भरवशावर मी पगाराची तारीख पाळू शकते.

आलेल्या प्रत्येक रुपयाचा कागद ठेवावा लागतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण आलं, विश्वस्त बदलला की बदल अर्ज आला. देणगीदाराला करात सवलत मिळावी म्हणून एक आणि संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नासाठी दुसरी, या प्राप्तिकराच्या नोंदण्या मुदतीत नव्यानं करून घ्याव्या लागतात. वर्ष संपलं की देणगीदारांची यादी पॅन क्रमांकासह प्राप्तिकर खात्याकडे भरायची, तेव्हा कुठं त्यांचं प्रमाणपत्र निघतं. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला देणगीवरची सवलतच मिळत नाही, त्यामुळे मार्चअखेर ‘पावती द्या’ म्हणत येणारे आता कमी झालेत. संस्थेला देणगी देण्याआधी तिचा लेखापरीक्षित ताळेबंद जरूर मागा. मागणाऱ्याचा आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

औषधांचेही कागद आहेत. भुलीसाठी लागणाऱ्या केटामाइनचा नशेसाठी गैरवापर होतो, म्हणून ते कुलपात आणि त्याची नोंदवही वेगळी. किती वापरलं, कोणासाठी, डॉक्टरांची सही. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम जनावरांच्या दवाखान्यांनाही लागू आहेत. रक्तानं माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया आरपार जाणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला आमची सुई टोचू नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

माणसं

इथं काम करणाऱ्या प्रत्येकाला रेबीजची लस चावा बसण्याआधीच टोचलेली असते. तीन डोस पूर्ण झाल्याशिवाय पिंजऱ्यात हात घालायचा नाही. तरीही चावा बसला तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, आणि मगच दवाखान्यात. हळद, चुना, मिरची असलं काहीही लावायचं नाही. हा नियम तुम्हा-आम्हा सगळ्यांसाठी आहे.

आमच्याकडची पोरं आसपासच्या वाड्यांमधली आहेत. दुखावलेल्या कुत्र्याला उचलायचं कौशल्य त्यांच्या हातात आहे ते बघत राहावं असं. समोरून जायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, बाजूनं उकिडवं बसायचं, बोलत राहायचं. गॉजच्या पट्टीचा फास जबड्यावर अलगद टाकून कानांमागे गाठ मारली की मुसकं तयार. मग टॉवेलमध्ये गुंडाळून, पाठीचा कणा वाकू न देता, फळीवर. पण हीच पोरं एखादं पिल्लू रात्रीत गेलं की दुसऱ्या दिवशी गप्प असतात. रोज वेदना बघून माणूस आतून थकतो. म्हणून त्यांची आठवड्याची सुट्टी मी कुणालाही रद्द करू देत नाही.

मदतीला येणाऱ्यांबद्दलही सांगते. रविवारी बरीच मंडळी येतात, पिल्लं मांडीवर घेतात, आनंदानं जातात. त्यांचं स्वागतच आहे. पण खरा आधार होतो तो ठरलेल्या दिवशी येणाऱ्याचा. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक येतात. ते एका बुजलेल्या कुत्र्याच्या पिंजऱ्याबाहेर खुर्ची टाकून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत बसायचे. त्याला हात लावायचे नाहीत, बोलवायचे नाहीत. असं बरेच आठवडे चाललं आणि मग एके दिवशी ते कुत्रं जाळीपाशी येऊन बसलं. त्यानंतर ते महिन्याभरात एका घरी गेलं. माणसाची सवय नसलेलं कुत्रं कुणी घरी नेत नाही, आणि ती सवय औषधानं लागत नाही.

हंगाम

आमचं वर्ष सणांवर आणि शेतीवर चालतं. संक्रांतीच्या आठवड्यात मांजानं पंख कापलेली पाखरं येतात. नायलॉन मांजावर बंदी असूनही येतात. घार, घुबड, पोपट हे वन्यजीव आहेत, ते आम्ही ठेवून घेऊ शकत नाही. वनखात्याला कळवावं लागतं. त्यांचा मदत क्रमांक १९२६. ऊसतोडीच्या दिवसांत उसात ‘बिबट्याची पिल्लं’ सापडल्याचे फोन येतात. कधी ती बिबट्याची असतात, कधी रानमांजराची. तिथंही पहिला नियम तोच, हात लावू नका, आई जवळपास आहे, वनखात्याला बोलवा. गाड्यांना जुंपलेल्या बैलांचे खांदे सोललेले असतात. गाई-बैलांच्या उपचारासाठी पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२ आहे, तो प्रत्येक गाडीवानाकडे असायला हवा. पावसाळा म्हणजे जखमांत पडणारे किडे. कानामागची बोटभर जखम तीन दिवसांत पोखरून निघते. औषध मारून, चिमट्यानं एकेक किडा काढत माणूस तासभर बसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि दिवाळीत फटाक्यांना घाबरून घरची कुत्री पळतात. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असलेलं कुत्रं लगेच घरी जातं, नसलेलं आमच्या डाव्या पानावर येतं.

उजवं पान

उजव्या पानावरच्या सगळ्या नोंदी आनंदाच्या नसतात. कणा तुटून मागचं अंग बधिर झालेलं, लघवीवर ताबा न राहिलेलं, जखमा सडत चाललेलं जनावर. डिस्टेम्परचा विषाणू मेंदूपर्यंत पोचल्यानं सतत झटके येणारं पिल्लू. अशा वेळी डॉक्टर आणि संस्थेतले दोघे मिळून निर्णय घेतात आणि कारण लिहून ठेवतात. आधी झोपेचं इंजेक्शन, मग शेवटचं. ज्यानं त्याची देखभाल केली तो जवळ बसतो. मरण लांबवणं म्हणजे दया नव्हे, हे मला इथं शिकायला मिळालं. जागा कमी आहे म्हणून मात्र आम्ही कुणालाही ते इंजेक्शन देत नाही. गेलेल्यासाठी खोल खड्डा, चुना, मीठ, आणि रजिस्टरमध्ये एक ओळ.

घरी जाणाऱ्यांची ओळ लिहिण्याआधी चौकशी होते, आणि ती काहींना जाचक वाटते. घर भाड्याचं आहे का, मालकाला विचारलंय का? घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, की फक्त मुलानं हट्ट धरलाय? गावी गेलात तर कोण बघणार? साखळीला बांधून ठेवणार का? वाढदिवसाची भेट म्हणून आम्ही पिल्लू देत नाही. मोठं जनावर नसबंदी झाल्यावरच जातं. आठवड्यानं, महिन्यानं आम्ही फोन करतो, जमलं तर जाऊन बघतो. जमलंच नाही, तर परत आणून द्या, रस्त्यावर सोडू नका, हे लिहून घेतो.

सगळ्यांना पांढरं, गुबगुबीत पिल्लू हवं असतं. काळी कुत्री, वयानं मोठी कुत्री, तीन पायांची कुत्री मागं राहतात. आमच्याकडे गाडीखाली पाय गेलेली एक तांबूस कुत्री होती. तिच्या पिंजऱ्यापुढून लोक ‘अरेरे’ म्हणत पुढं जायचे. एका रिक्षावाल्या दादांनी ती मागितली. मी नेहमीचे प्रश्न विचारले. ते म्हणाले, ‘‘ताई, दिवसभर मी रिक्षात असतो, ती माझ्या शेजारी बसेल. तिला कुठं चालायचंय?’’ ती आता राजवाड्याच्या स्टँडवर रिक्षात ऐटीत बसलेली असते. तीन पायांवर ती धावतेही मस्त.

अशी घरं वाढली, तर त्यामागोमाग पिंजरे रिकामे होतात आणि पुढच्या फोनला ‘हो’ म्हणता येतं. यासाठी प्राण्यांवर फार मोठं प्रेम असावं लागत नाही. तुमच्या आळीतल्या एका कुत्रीची नसबंदी करवून घ्या. तिला पकडण्यात, तिला नंतर खायला घालण्यात हातभार लावा. शस्त्रक्रियेनंतरचं एखादं मांजर दोन आठवडे घरच्या गॅलरीत ठेवा. जवळच्या संस्थेला दरमहा ठरावीक रक्कम द्या, शंभर रुपये असले तरी चालतील, पण ते पगार आणि विजेसाठी वापरा असं सांगून द्या. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारा, गेल्या वर्षी गावात किती कुत्र्यांची नसबंदी झाली आणि किती कुत्र्यांना रेबीजची लस टोचली. भटक्या जनावरांचा प्रश्न मूठभर जीव लावणाऱ्या लोकांच्या अंगणात ढकलून सुटणार नाही. तो गावाचा आहे, आणि गावानं थोडा थोडा उचलला तर तो उचलण्याजोगा आहे. मी रोज हिशेब लिहिते, म्हणून हे खात्रीनं सांगते.